बायोडाटातलं ‘फेअर’ : ठेवायचं की काढायचं?

रामबागची काकू (इंदूर)
आमच्या मंडळाच्या परिचय संमेलनाच्या फॉर्मात ‘वर्ण’ असा रकाना आहे. यंदा बहुतेकांनी तो इंग्रजीतच भरलाय: फेअर, व्हेरी फेअर, व्हीटिश. ‘गोरी मुलगी हवी’ असं मराठीत लिहायला लोक आता कचरतात, ‘फेअर’ मात्र बिनदिक्कत लिहितात. इंग्रजीत याचा जुना अर्थ नुसता देखणा. गोऱ्या कातडीचा अर्थ नंतर जोडला गेला. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’नं नावातून हा शब्द काढला, शादी डॉट कॉमनं रंगावरून स्थळं गाळायची चाळणी काढली. आपणही रकाना काढावा.

मुलाचा बाप, सुदामा नगर
काकू, गोऱ्या रंगाचं वेड आपल्याकडे या शब्दाच्या कितीतरी आधीपासून आहे. रकाना गेला तर पहिल्याच फोनवर विचारतील, ‘रंग कसा आहे हो?’ फोटोंना तर सगळेच फिल्टर लावतात. माझ्या भाचीकडे पाहुणे आले, पोहे खाऊन गेले आणि रंगावरून नकार कळवला. पोर आठवडाभर कुणाशी बोलली नाही. कागदावर आधीच असतं तर तिच्यावर ती वेळ आली नसती.

त्वचेचा डॉक्टर
भाचीचं वाचून वाईट वाटलं. पण दादा, ती वेळ आणली पाहुण्यांनी. लग्न ठरवायच्या दिवसांत माझ्याकडे मुली येतात त्या चिठ्ठीशिवाय घेतलेली स्टिरॉइडची मलमं महिनोन्‌महिने चोपडून. त्वचा पातळ, लालभडक, मुरमं, चेहऱ्यावर लव. कशासाठी, तर फेअर दिसायचं म्हणून. आम्ही त्वचा उन्हात किती भाजते यावरून तिचे सहा प्रकार करतो, ही फिट्झपॅट्रिकची पद्धत. त्यात ‘फेअर’ म्हणजे सहज भाजणारी, पहिल्या-दुसऱ्या प्रकारातली कातडी. आपण बहुतेक चौथ्या-पाचव्यातले. बायोडाटातलं ‘फेअर’ वैद्यकीय माहिती म्हणूनही चूक आहे.

उपवर मुलगी, स्नेहलतागंज
मला दोन्ही बाजू पटत नाहीत. आईनं माझ्यासाठी ‘व्हीटिश’ लिहिलं होतं, मी ते खोडून ‘सावळी’ लिहिलं. ज्यांना नको त्यांनी फोनच केला नाही, बरं झालं. रकाना काढलात तर मला हे लिहायला जागा कुठे?

रामबागची काकू
बाळा, तू लिहिलंस, सगळ्यांना ते धैर्य होत नाही. ज्या मुली तो रकाना कोरा ठेवतात त्यांनाही फोन येत नाहीत, फॉर्म मीच जमा करते म्हणून माहीत आहे. रविवारच्या बैठकीत ठराव मांडणार.

मुलाचा बाप, सुदामा नगर
मांडा. मी विरोधात हात वर करणार. पण पाहुण्यांनी नकाराचं कारण रंग सांगायचा नाही असा नियम आणलात, तर त्याला अनुमोदन माझं.