दत्तक आणलेलं पिल्लू खाऊन नाही राहिलं, काय करावं?

मानेवाडा_ताई

नमस्कार. रस्त्यावर जन्मलेलं गावठी पिल्लू आहे, मादी, अंदाजे आठ आठवड्यांची, वजन 2.4 किलो. शनिवारी संध्याकाळी घरी आणली. आधी होती तिथे भावंडांसोबत एकाच परातीत दूध-पोळी खायची. इथे आल्यापासून नीट काहीच खाऊन नाही राहिली. पपी फूडचे कोरडे दाणे ठेवले, तर वास घेते आणि निघून जाते. दूध-बिस्किट दिलं, थोडं चाटलं आणि नंतर पातळ शी केली. दहीभात, पोळीचे तुकडे, पनीर, सगळं समोर ठेवून पाहिलं. पाणी पिते. दिवसभर कूलरजवळ सोफ्याखाली बसून असते, संध्याकाळी थोडी खेळते. उलटी नाही. लस आणि जंताचं औषध अजून झालेलं नाही. आमच्या घरात अंडं-चिकन शिजत नाही, बाहेरून आणलेलं चालेल.

किती वेळ वाट पाहायची? सिरिंजने भरवावं का? आणि या उन्हात तिला नेमकं काय आणि किती द्यायचं?

सदर_फोस्टर

ताई, पाणी पिते, खेळते, उलटी नाही, म्हणजे घाबरून जायचं कारण आत्ता तरी दिसत नाही. पण पदार्थ बदलत राहणं आजच थांबवा. दर तासाला नवी वाटी समोर आली की पोट बिघडतं, आणि तोंड फिरवलं की काहीतरी नवीन येतं हे पिल्लू फार लवकर शिकतं. मग ती सवय महिनोन्‌महिने सुटत नाही.

दूध पूर्ण बंद. आईचं दूध सुटत जातं तशी दुधातली साखर पचवायची ताकद कमी होते. ती पातळ शी बहुधा त्याचीच. तिच्या ओळखीची चव पोळीची आहे, तर तिचाच आधार घ्या. पपी फूडचे दोन मोठे चमचे दाणे दुप्पट कोमट पाण्यात 20 मिनिटं भिजवा. बोटांनी कुस्करून लापशी करा, दाण्याचा कोरडा गाभा मधे राहता कामा नये. त्यात पोळीचा मऊ केलेला अर्धा पापुद्रा आणि चमचाभर ताजं, आंबट नसलेलं दही. हे मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा, ना गरम ना गार वाटलं पाहिजे. पिल्लू वासावर जेवतं आणि कोमट खाण्याला वास येतो. फ्रिजमधून काढलेलं तसंच ठेवलं की वासच नसतो, म्हणून बरीच पिल्लं तिथेच पाठ फिरवतात. पोळी रोज थोडी कमी करत आठवड्याभरात बंद करा.

आता जागा. कूलरजवळ ताट ठेवू नका. कूलरच्या लाकडी ताटीतून येणारा वारा अन्नाचा वास उडवून नेतो, पंख्याची घरघर तिला दचकवते, आणि लापशीवर साय धरल्यासारखा पापुद्रा चढतो. दोन बाजूंनी भिंत असलेला, येण्याजाण्याचा रस्ता नसलेला कोपरा निवडा. खोल वाटीऐवजी पसरट ताटली घ्या. परातीत खाणाऱ्या पिल्लाला वाटीत तोंड घातलं की बाजूचं दिसत नाही, ते बिचकतं. स्टीलची ताटली टाइल्सवर सरकते आणि खणखणते, म्हणून खाली ओला फडका घडी करून ठेवा. साधी गोष्ट आहे, पण घाबरट पिल्लू कितीदा तरी केवळ त्या आवाजाने ताटावरून उठतं.

भावंडांसोबत खायची सवय असलेल्या पिल्लाला एकट्याने जेवणं परकं वाटतं. तुम्ही फरशीवर, तिच्याकडे पाठ थोडी वळवून बसा. टक लावून बघू नका, डोक्यावरून हात फिरवू नका, लेकरांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत पाठवा. लापशीचा एक ठिपका बोटावर घेऊन नाकाजवळ धरा, चाटला तर बोट हळूच ताटलीपर्यंत न्या. ओठांवर लापशी माखून ठेवायची नाही, त्याने ती तुमच्या हाताला घाबरेल.

ताट 20 मिनिटं ठेवायचं आणि उचलायचं, रिकामं असो की भरलेलं. मे महिन्यात ओलं अन्न तासाभरात आंबट वास मारतं आणि मुंग्या वेगळ्या. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की दुपारी मोठी कुत्रीसुद्धा जेवत नाहीत. पहाटे साडेपाच, सकाळी दहा, दुपारी तीनला अगदी थोडं आणि पातळ, संध्याकाळी साडेसात, रात्री साडेदहा अशा वेळा धरा. पहाटेचं आणि रात्रीचं जेवण हीच तिची खरी जेवणं.

इतवारी_भाऊ

दात येऊन राहिले असतील तिचे. हिरड्यांना बर्फ चोळून पाहा.

पशुवैद्य_प्रतापनगर

भाऊ, आठव्या आठवड्यापर्यंत दुधाचे 28 दात साधारण आलेले असतात. ते पडून पक्के दात यायला चौथा महिना लागतो. दातांमुळे खाणं सुटायचं हे वय नाही. बर्फ नको.

ताई, सिरिंजचं आधी सांगतो. शुद्धीत असलेल्या, पाणी पिणाऱ्या पिल्लाला सिरिंजने अन्न भरवायची गरज नाही. मान वर करून घशात सोडलेलं अन्न श्वासनलिकेत जातं आणि त्यातून होणारा न्यूमोनिया मूळ दुखण्यापेक्षा भारी पडतो. शिवाय जबरदस्तीने भरवलेल्या अन्नाची किळस बसते.

किती वेळ वाट पाहायची हे तिच्या तब्येतीवर ठरतं, घड्याळ त्यानंतर. उत्साह टिकून आहे, पाणी पिते, थोडंथोडं चाटते, तर घरी आल्यापासून 24 तासांपर्यंत थांबता येतं. तुमची मुदत संपल्यातच जमा आहे, म्हणून आज दाखवून घ्या. लसही व्हायचीच आहे. खाणं बंद आणि सोबत सुस्ती असेल, तर या वयात आठ-दहा तासही फार झाले. उलटी, रक्त मिसळलेली किंवा फार घाण वासाची शी, डोळ्या-नाकातून पू, धापा, झटके, यातलं एक जरी दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

घरी तपासण्याआधी एक खबरदारी. पिल्लू रस्त्यावरचं आहे, लस नाही. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, स्वभाव एकदम बदललाय, असं काही असेल तर तोंडाला हात लावू नका, रेबीजची शक्यता धरूनच चाला. पिल्लांनाही रेबीज होतो. दात किंवा नख लागलं असेल, ओरखडा कितीही बारीक असो, वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जाऊन लसीचं विचारा.

तसं काही नसेल तर वरचा ओठ उचलून हिरडी पाहा. गुलाबी आणि ओली हवी. बोटाने दाबून सोडा, पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. हिरडी बोटाला चिकटते म्हणजे अंगातलं पाणी कमी झालंय. पांढुरकी असेल तर जंत किंवा गोचीड यांनी रक्त प्यायलंय असं समजा, कान आणि बोटांच्या बेचक्या तपासा. गोठ्यातलं गोचिडाचं औषध पिल्लाला लावू नका, ते विषबाधा करतं. टाळूला आडवा अडकलेला हाडाचा तुकडा किंवा जिभेखाली गुंतलेला दोरा हेही बघा. दोरा दिसला तर ओढायचा नाही, दुसरं टोक आतड्यात असू शकतं.

ताप डिजिटल थर्मामीटरने गुदद्वारातून मोजायचा. टोकाला व्हॅसलीन, आत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. 101 ते 102.5 फॅरनहाइट म्हणजे ठीक. उन्हातून आल्यावर लगेच मोजू नका, अर्धा तास थंड खोलीत राहू द्या. 103 च्या वर किंवा 99 च्या खाली गेलं तर दवाखाना. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, खाणं नंतर, कारण गार अंगात आतडं चालत नाही आणि अन्न पोटात नुसतं पडून राहतं.

उपाशी पिल्लू एकदम लटपटायला लागलं, मान टाकली, थरथरलं, तर रक्तातली साखर उतरलेली असते. चमचाभर ग्लुकोज पावडर किंवा साखर दोन चमचे कोमट पाण्यात विरघळवा आणि बोटाने हिरड्यांवर चोळा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका. लगेच निघा, वाटेत चोळत राहा.

सगळ्यात मोठी भीती पार्व्होची, म्हणजे आतड्यावर हल्ला करणाऱ्या विषाणूच्या आजाराची. बिनलसीचं पिल्लू, नवीन घर, खाणं बंद, आणि मागून उलट्या-जुलाब, असाच तो येतो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन दिवस ते आठवडा लागतो, म्हणजे आधीच्या जागेहूनही आलेला असू शकतो. शीच्या नमुन्यावर किटने दहा-पंधरा मिनिटांत कळतं. सलाइन वेळेत सुरू झालं तर बरीच पिल्लं वाचतात, घरगुती उपायांत वेळ गेला की वाचत नाहीत. नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, नाहीतर जवळचा कोणताही. मात्र नेताना खोक्यात किंवा मांडीवर ठेवा. तिथल्या फरशीवर, बाकाखाली सोडू नका, आजारी कुत्री तिथेच बसून गेलेली असतात. भर दुपारी नेऊ नका.

मानेवाडा_ताई

खूप धन्यवाद. आज दाखवून आणलं. पार्व्हो नाही, ताप 101.6, हिरड्या गुलाबी, पोट थोडं फुगलेलं, जंत आहेत म्हणाले. औषध दिलं आहे. संध्याकाळी कोपऱ्यात ताटली ठेवली तर निम्मी लापशी खाल्ली! आता प्रमाण सांगा. आणि जवळच्या हॉटेलातून चिकन आणून त्यातलं पीस धुऊन दिलं तर चालेल का?

सदर_फोस्टर

हॉटेलचं नको, धुऊनही नको. सावजी रस्सा असो की तंदुरी, कांदा-लसूण त्यात मुरलेला असतो आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. घरच्या फोडणीच्या वरणालाही हेच लागू. शिजलेल्या हाडांच्या टोकदार चिरफळ्या होतात, ते वेगळं. त्यापेक्षा पिल्लांसाठीचं ओलं पाकीट मिळतं, त्यातला एक चहाचा चमचा लापशीवर घाला. फोडलेलं पाकीट झाकून फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवा, देताना कोमट करून.

प्रमाणाचा हिशोब असा. 2.4 किलोच्या वाढत्या पिल्लाला दिवसाला साधारण 400 किलोकॅलरी लागतात. पपी फूडच्या 100 ग्रॅममध्ये 350 ते 380 असतात, म्हणजे पूर्ण खुराक सुमारे 110 ग्रॅम, भिजवायच्या आधी तोललेला. पण उपाशी राहिलेल्या पोटावर एकदम एवढं घालू नका. पहिले दोन दिवस 55 ग्रॅम, पाच वेळांत वाटून, म्हणजे दर वेळी 11 ग्रॅम. शी बांधीव राहिली तर रोज 15-20 ग्रॅम वाढवा. शी पातळ झाली तर आदल्या दिवशीच्या मापावर परत या, खाणं बंद करू नका. पाकिटावरचा तक्ता पाहताना मोठेपणी होणारं वजन विचारलेलं असतं, गावठी मादीचं 15 ते 20 किलो धरा.

पनीर बिनमिठाचं, दिवसाला सुपारीएवढं, कुस्करून, फक्त वासापुरतं. दहीभातावर पिल्लू वाढवता येत नाही. प्रथिनं कमी पडतात, कॅल्शियम आणि फॉस्फरसचा मेळ बसत नाही, आणि दोन-तीन महिन्यांत पुढचे पाय वाकलेले दिसतात. पपी फूड नीट चालू असेल तर वरून कॅल्शियमचं सिरप नको.

रोज सकाळी शी झाल्यावर, जेवायच्या आधी, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर प्लास्टिकचा टब ठेवून वजन घ्या आणि कॅलेंडरवर लिहा. ताट चाटूनपुसून साफ दिसतं, तरी वजन सलग दोन दिवस उतरलं तर डॉक्टरांना फोन.

पशुवैद्य_प्रतापनगर

जंताच्या औषधानंतर एक-दोन दिवस शीतून शेवयांसारखे जंत पडतील, थोडी पातळही होईल. त्यात भूक किंचित मंदावली तर चालेल. शी लगेच उचला आणि हात साबणाने धुवा, या जंतांची अंडी लहान मुलांच्या पोटात जातात. पुढचा डोस दोन आठवड्यांनी, वजन नव्याने करून, कारण तोवर ती अर्ध्या-पाऊण किलोने वाढलेली असेल. जंत पोटात असताना पोट गच्च आणि फुगलेलं दिसतं, त्यावरून जेवण झालंय असं समजून माप कमी करू नका.

औषध जेवणाच्या ताटलीत मिसळायचं नाही. कडू लागलं की ती लापशीच सोडून देईल आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ओल्या पाकिटातल्या अर्ध्या चमच्यात गोळीचा तुकडा दाबून जेवणाआधी वेगळा द्या. पातळ औषध असेल तर मान सरळ ठेवून गालाच्या कडेने अर्धा-अर्धा मिली, गिळू द्या, मग पुढचं. लसीनंतरच्या दिवशीही थोडी सुस्ती आणि कमी भूक असते, ती 24 तासांत गेली पाहिजे. लसींचे डोस दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत चालतील, रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. तोवर तिला रस्त्यावरच्या मातीत सोडू नका. आधीच्या घरी पार्व्होचं कोणी पिल्लू होतं का हेही विचारून घ्या. असेल तर तिथून आलेलं अंथरूण फेकून द्या आणि तिथून आलेली भांडी एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी अशा मिश्रणात दहा मिनिटं बुडवून ठेवा. फिनाइलने हा विषाणू मरत नाही.