शब्दचर्चा : ‘निकट कारण’ म्हणजे नेमके कोणते कारण?

प्रश्न

विमा दाव्यांच्या तपासणीचे शिक्षण मी अलीकडेच सुरू केले आहे. अभ्यासाच्या टिपणांत ‘निकट कारण’ असा शब्द वारंवार येतो, आणि भरपाई द्यायची की नाही हे त्यावर ठरते असे सांगितले जाते. ‘निकट’ म्हणजे ‘जवळचे’ असा अर्थ घेऊन मी प्रत्येक उदाहरणात नुकसानीच्या लगेच आधी काय घडले ते शोधतो, आणि निम्म्या वेळा माझे उत्तर चुकते. त्याच टिपणांत ‘सरासरीची अट’ असेही म्हटले आहे. तिथे सरासरी कशाची काढायची हेच मला उमगत नाही. या दोन शब्दांचा खरा अर्थ आणि त्यांना चांगले मराठी प्रतिशब्द कोणी सुचवील का? नुकसान तपासून भरपाईची रक्कम ठरवणाऱ्या ‘ॲडजस्टर’ला ‘समायोजक’ म्हणणे कितपत योग्य आहे, हेही जाणून घ्यायचे आहे.

पहिला प्रतिसाद

आपले उत्तर चुकते याला तो शब्दच कारणीभूत आहे. मराठीत ‘निकट’ म्हटले की स्थळाने किंवा काळाने जवळचे, असाच अर्थ मनात येतो. विम्याच्या कायद्यात मात्र ही जवळीक प्रभावाची आहे. ज्या कारणाच्या जोराने नुकसान खरोखर घडून आले ते निकट कारण होय, मग त्याच्या आणि नुकसानीच्या मध्ये दोन दिवस गेलेले असोत की दहा घटना घडलेल्या असोत.

या बाबतीत ‘इकारिया’ या जहाजाचा खटला आपण जरूर समजून घ्यावा. पहिल्या महायुद्धात, जानेवारी १९१५ मध्ये, हे जहाज फ्रान्सच्या ल हाव्र बंदराकडे जात असताना त्याला पाणतीर (टॉर्पेडो) लागला. पुढच्या भागात पाणी शिरले, तरीही जहाज बंदरापर्यंत पोहोचले आणि धक्क्याला लागले. मग वादळी वारा सुटला आणि जहाज धक्क्यावर आदळू लागले. ते तिथेच बुडाले तर धक्का अडेल, या भीतीने बंदराच्या अधिकाऱ्यांनी ते बाहेरच्या लाटरोधक बांधाजवळ हलवायला लावले. त्या जागी ओहोटीला जहाज तळाला टेकायचे आणि भरतीला पुन्हा तरंगायचे. दोनेक दिवस असे चालले आणि अखेर त्याच्या आतल्या आडव्या भिंती तुटून ते बुडाले. पॉलिसीत समुद्रातील संकटांना संरक्षण होते, परंतु युद्धकृत्यांचे सर्व परिणाम वगळलेले होते. ‘जवळचे’ कारण पाहिले तर भरती-ओहोटी, म्हणजे समुद्रच, आणि मालकांचा युक्तिवादही तोच होता. १९१८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, तो मानला नाही. जहाज पाणतीराच्या तडाख्यातून एक क्षणही बाहेर पडलेले नव्हते, म्हणून प्रभावी कारण पाणतीरच, आणि विमा कंपनी देणे लागत नाही, असा निर्णय झाला. त्या निकालात न्यायाधीश लॉर्ड शॉ यांनी कारणांना साखळीपेक्षा जाळ्याची उपमा अधिक योग्य मानली आहे. साखळी म्हटली की आपण आपोआप शेवटची कडी धरतो. जाळ्याच्या एका गाठीत मात्र अनेक धागे एकत्र येतात आणि त्यांतला कोणता धागा भार पेलतो ते पाहावे लागते.

उलट बाजूचे रोजचे उदाहरण आगीचे आहे. आग विझवण्यासाठी मारलेल्या पाण्याने गोदामातील माल भिजला, तर मालाला प्रत्यक्ष स्पर्श पाण्याचा झालेला असतो. तरीही आग हेच प्रभावी कारण ठरते आणि आगीच्या विम्यातून ते नुकसान भरून दिले जाते.

म्हणून मला ‘प्रभावी कारण’ हा शब्द पसंत आहे. कोणी ‘मूळ कारण’ सुचवतात, पण तो शब्द दुसऱ्या टोकाला नेतो. मूळ शोधत गेलो तर पाणतीरामागे युद्ध, युद्धामागे राजकारण असे कुठवरही जाता येईल. परीक्षेत ‘निकट कारण’ हाच शब्द वापरावा लागला तरी मनात मात्र ‘प्रभावी’ असेच वाचावे.

‘सरासरीची अट’ हे भाषांतर तर सरळ चुकलेले आहे. इंग्रजीतील ‘ॲव्हरेज’ हा शब्द मुळात सागरी व्यापारातला. अरबीत ‘अवार’ म्हणजे मालाला झालेली इजा. तो शब्द भूमध्य समुद्रावरील व्यापाऱ्यांच्या तोंडी बसला, इटालियनमध्ये ‘अवारिया’ झाला आणि पुढे इंग्रजीत आला. वादळात जहाज वाचवण्यासाठी काही माल समुद्रात टाकावा लागला, तर तो तोटा एकट्या मालकाच्या माथी न मारता जहाज आणि उरलेला माल यांच्या मालकांनी आपापल्या वाट्याच्या प्रमाणात सोसावा, असा अतिशय जुना नियम आहे. रोमन कायद्यात तो ऱ्होड्स बेटाच्या नावाने नोंदलेला आढळतो. हानीची अशी प्रमाणशीर वाटणी करता करता त्या शब्दाला गणितातला ‘सरासरी’ हा अर्थ नंतर चिकटला. आपण मराठीत नेमका तो नंतरचा अर्थ उचलला, आणि म्हणूनच आपल्याला त्या अटीत सरासरी सापडत नाही. ती तिथे नाहीच.

अट अशी आहे. मालाची खरी किंमत २० लाख आहे, पण मालकाने विमा १२ लाखांचाच घेतला आहे. म्हणजे उरलेल्या ८ लाखांची जोखीम त्याने स्वतःकडे ठेवली. पुढे ५ लाखांचे नुकसान झाले, तर भरपाई ५ लाखांच्या १२/२० इतकी, म्हणजे ३ लाख मिळते. पाच लाख हे बारा लाखांच्या आत असल्याने सगळे मिळतील अशी मालकाची समजूत असते, आणि तपासणाऱ्याला सर्वांत कटू बोल याच ठिकाणी ऐकावे लागतात. ‘सरासरीमुळे रक्कम कमी झाली’ असे सांगितल्यावर कोणाचेही समाधान होत नाही, आणि ते योग्यच आहे. ‘प्रमाणशीर भरपाईची अट’ म्हटले तर निदान हिशेब कळतो.

दुसरा प्रतिसाद

‘समायोजक’ हा शब्द कोशातून उचललेला वाटतो, पण माझी खरी हरकत ‘ॲडजस्ट’ या क्रियापदाला मराठीत आलेल्या अर्थावर आहे. आपण ‘जरा ॲडजस्ट करून घ्या’ म्हणतो तेव्हा सांभाळून घ्या, थोडे तुमचे थोडे आमचे करा, असे सुचवत असतो. त्यामुळे ॲडजस्टर म्हणजे घासाघीस करून रक्कम उतरवणारा माणूस, अशी समजूत दृढ होते. त्याचे काम पॉलिसीची शब्दरचना आणि घडलेली हानी एकमेकांशी तंतोतंत जुळवून रक्कम निश्चित करण्याचे आहे. ‘हानिनिर्धारक’ हा शब्द जड आहे, पण खोटा नाही. बोलताना ‘सर्व्हेअर’ म्हणतात, तेही चालून जाते. मात्र पाहणी हा या कामाचा पहिला टप्पाच आहे.

‘दावा’ या शब्दाकडेही लक्ष वेधावेसे वाटते. जुन्या मराठीत ‘दावा’ म्हणजे वैरही. ‘दावा साधणे’ म्हणजे सूड उगवणे, आणि ‘दावेदार’ हा शत्रूही असू शकतो. शिवाय कोर्टात लावतो तोही दावाच. ज्याचे घर जळाले तो अर्ज घेऊन येतो आणि आपण त्याला ‘दावेदार’ म्हणतो, तेव्हा तो आधीच समोरच्या बाजूला जाऊन उभा राहतो. शब्द आता रूढ झाला आहे, तो बदलणार नाही, पण पत्र लिहिताना मी ‘विमाधारक’ असेच लिहितो.

‘भरपाई’ हा शब्द मात्र मला फार समर्पक वाटतो. खड्डा भरला की थांबायचे, ढीग करायचा नाही, हे तत्त्व त्या शब्दातच आहे. म्हणूनच तो आयुर्विम्याला लावू नये. माणसाच्या जिवाचा खड्डा मोजता येत नाही आणि तिथे ठरलेली रक्कम दिली जाते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आणखी एक शंका आहे. माझ्या सरावाच्या अहवालात मी ‘भिंतीतून पाणी झिरपून लाकडी कपाटाचे नुकसान झाले’ असे लिहिले होते. मार्गदर्शकांनी ‘झिरपून’ या शब्दाखाली लाल रेघ मारली आणि ‘हे आपण पाहिले का?’ एवढेच विचारले. यात शब्दाची चूक काय?

पहिला प्रतिसाद देणारे

आपल्या मार्गदर्शकांनी आपल्याला मोलाची गोष्ट दाखवली आहे. घरांच्या बहुतेक पॉलिसींत अचानक आलेल्या पाण्याला संरक्षण असते आणि दीर्घकाळ होत राहिलेली गळती वगळलेली असते. मराठी क्रियापदे हा भेद इतक्या बारकाईने करतात की एका शब्दात निर्णय होऊन जातो. पाइप ‘फुटला’ म्हणजे एका क्षणी घडले. पाइप ‘गळत होता’ म्हणजे कित्येक दिवस चालले. पाणी ‘शिरले’ हे अचानक, ‘झिरपले’ हे हळूहळू. आपण सहज ‘झिरपून’ लिहिले आणि नकळत त्या विमाधारकाचा दावा वगळलेल्या बाबींत टाकला. संरक्षणाच्या कक्षेत नुकसान बसते हे दाखवण्याची जबाबदारी सामान्यतः विमाधारकावर असते, पण एखादी बाब वगळलेली आहे हे सिद्ध करणे विमा कंपनीवर येते. कंपनीचा तो भार आपण आपल्या एका शब्दाने परस्पर उचलून दिला.

माझ्या उमेदीच्या काळात मीही असेच एकदा ‘जुनी ओल’ लिहून मोकळा झालो होतो. वरिष्ठांनी मला पुन्हा त्या भिंतीसमोर उभे केले. डाग एकच होता, कडा एकसारखी होती, खालचा चुना अजून घट्ट होता. बुरशीचा वास नव्हता, चौकटीचे खिळे गंजलेले नव्हते. जुन्या ओलीचे रूप वेगळे असते. एकात एक अशी पिवळट वलये उठतात, कारण भिंत दर वेळी थोडी भिजते आणि वाळते. रंगाला पोपडे धरतात, लोणा (क्षाराचा पांढरा थर) फुटतो, लाकडाचा खालचा भाग फुगून काळा पडतो. मी भिंत न पाहता घरमालकाच्या ‘इथे नेहमी ओल असते’ या वाक्यावर विसंबलो होतो, आणि ते वाक्य तो दुसऱ्याच भिंतीबद्दल बोलला होता.

तेव्हा अहवालात पाणी कसे आले ते क्रियापद शेवटी लिहावे. आधी डाग किती, कुठवर, कोणत्या रंगाचे, चुना दाबून पाहिला तर काय झाले, कपाटाची मागची फळी फुगली आहे की नुसती भिजली आहे, आणि विमाधारकाने काय सांगितले ते त्याच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत.