सायकल नवी, गुडघा मात्र म्हाताऱ्यासारखा दुखतोय

भाट्येकर७: महिना झाला सायकल घेऊन, रोज सकाळी आरे-वारेच्या रस्त्याला जातो, पण चढ लागला की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला ठणकतं आणि घरी येईपर्यंत तळहाताला मुंग्या. दुकानदार म्हणाला सवय होईल. खरंच होते का?

घाटवेडा: सवय कसली, सीट खाली असणार तुमची. नवीन माणूस थांबल्यावर दोन्ही पाय टेकावेत म्हणून सीट खालीच ठेवतो, मग प्रत्येक पॅडलला गुडघा जास्त दुमडतो. भिंतीला टेकून बसा, पॅडल एकदम खाली न्या आणि टाच ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने चालवाल तेव्हा गुडघ्यात थोडा बाक राहतो, तेवढाच हवा. वर घेताना एकदम नको, ५ मिमी घ्या, दोन दिवस चालवून बघा. कंबर डावी-उजवी डुलायला लागली तर जास्त झाली, आणि सीटच्या पाइपवर 'मिनिमम' अशी खूण असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसेल इतका पाइप वर काढू नका हां.

मालवणी चाक: आणि सीटचं नाक खाली झुकलंय का बघ रे. माझं तसंच होतं, सगळा भार हातावर यायचा. सीट सपाट केली, मुंग्या गेल्या. तो पाइप काढशील तेव्हा ग्रीस लाव, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत माझा असा धरला होता की दोघांनी ओढून निघाला :)

भाट्येकर७: टाच लावून बघितली, गुडघा चांगलाच वाकलेला! नाकही खाली. पाना शोधतोय.