डेंग्यू उतरल्यावरही प्लेटलेट्स का वाढत नाहीत?

प्रश्न
धाकट्या भावाचा डेंग्यूचा ताप उतरून महिना होत आला, तरी प्लेटलेट्स वीस-बावीस हजारांच्या वर जात नाहीत. भूक चांगली आहे. मात्र नडग्यांवर बारीक लाल ठिपके आहेत, जे दाबले तरी फिके होत नाहीत. डॉक्टरांनी आयटीपीची (शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट्स नष्ट करते तो आजार) शंका व्यक्त करून स्टेरॉइड सुचवले आहे. डेंग्यूत स्टेरॉइडचा उपयोग नसतो असे ऐकले होते, म्हणून घरचे साशंक आहेत.

उत्तर 1
घरच्यांनी ऐकले ते डेंग्यूपुरते खरे आहे. हा आजार आता वेगळा असू शकतो. डेंग्यूत विषाणूमुळे अस्थिमज्जेतील निर्मिती मंदावते, शिवाय एनएस-1 या विषाणू-प्रथिनाविरुद्धची काही प्रतिपिंडे (अँटिबॉडी) प्लेटलेट्सनाही चिकटतात. पण ही घसरण बहुधा ताप गेल्यावर काही दिवसांत भरून निघते. आयटीपीत मात्र प्रतिपिंडे चिकटलेल्या प्लेटलेट्स मुख्यतः प्लीहेत (पोटातील एका अवयवात) नष्ट होतात, आणि संसर्ग संपला तरी हे थांबतेच असे नाही. तेथे प्रतिकारशक्तीला आवर घालणारे स्टेरॉइड हाच पहिला उपचार असतो. संसर्गानंतर आयटीपी क्वचितच होतो, पण झिका विषाणूबाबतही ते दिसले आहे: 2016 मध्ये प्वेर्तो रिकोत सत्तरीतील एका रुग्णाचा, झिकाची लक्षणे ओसरल्यानंतर उद्भवलेल्या तीव्र प्लेटलेट-घटीने मृत्यू झाला होता.

उत्तर 2
आयटीपी सिद्ध करणारी एकच खात्रीची चाचणी नाही. इतर कारणे वगळूनच निदान होते. रक्ताचा स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब) तज्ज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आहे का, हे आवर्जून विचारा. रक्त गोठू न देणारे रसायन असलेल्या जांभळ्या झाकणाच्या नळीत काहींच्या प्लेटलेट्सचे पुंजके होतात व यंत्र आकडा कमी दाखवते. अशा वेळी वेगळे रसायन असलेल्या निळ्या झाकणाच्या नळीत नमुना घेऊन पुन्हा मोजतात. अर्थात, ठिपके दिसत असताना आकडा खरा असण्याचीच शक्यता अधिक. एचआयव्ही आणि हेपेटायटिस सी यांच्या तपासण्याही व्हायला हव्यात.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. स्मिअर झाला आहे, पुंजके नाहीत. नातेवाईक प्लेटलेट्सची पिशवी चढवण्याचा आग्रह धरत आहेत.

उत्तर 1
चढवलेल्या प्लेटलेट्सही तशाच नष्ट होतात, म्हणून पिशवी गंभीर रक्तस्रावासाठीच राखून ठेवतात. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नका. तीव्र डोकेदुखी, काळी शौच किंवा न थांबणारा घोळणा दिसल्यास पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याला तत्काळ रुग्णालयात न्या.