मदत हवी आहे: बाबांना क्लच चालत नाही पण गिअर हवा (आणि टिपरचा जुना नॉब)

नमस्कार मंडळी, गोव्यातल्या डिचोलीहून लिहितोय. सेकंडहँड गाडी घ्यायची आहे, बजेट साडेसात लाखांपर्यंत. प्रश्न जरा वेगळा आहे म्हणून सगळं सांगतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे बाबा मायनिंगचे टिपर (खाणीचा माल नेऊन ओतणारे ट्रक) चालवायचे. खाणीवर माल भरायचा, जेटीवर नेऊन ओतायचा, परत खाण. 2012 ला मायनिंग बंद पडलं, नंतर सुरू झालं तेव्हा पुन्हा थोडा काळ चालवला, आणि 2018 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हा कायमचे उतरले. ज्यांनी इथली टिपरची रांग बघितलीय त्यांना सांगायला नको, भरलेली गाडी, त्यात चढ, दहा फूट पुढे जायचं की थांबायचं, म्हणजे दिवसभर डावा पाय क्लचवरच. तोच गुडघा गेला. यंदा ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले गाडी चालवा पण क्लचवाली नको.

घरची गाडी 2013 ची आय ट्वेंटी, मॅन्युअल. ती मी चालवतो आणि मला ती आवडते, पण हा धागा माझ्यासाठी नाही. बाबांना ऑटोमॅटिक नकोय. त्यांचं म्हणणं, हाताला काम नसलं की झोप येते, आणि घाटात गिअर आपल्या हातात नसेल तर गाडी आपल्या हातात नाही. मला हे म्हातारपणाचा हट्ट वाटत नाही. हा माणूस भरलेला टिपर डबल क्लच मारून (एका गिअरसाठी क्लच दोनदा दाबून) उतारावर खालच्या गिअरात घ्यायचा, मला ड्रायव्हिंग शिकवलं तेव्हा पहिली गोष्ट हीच सांगितली की ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर.

आतापर्यंत तीन प्रकार चालवून बघितले.

एएमटी: स्वस्त आहे, मायलेज चांगलं. पण आत गिअरबॉक्स आणि क्लच मॅन्युअलचाच, फक्त पाय आणि हाताचं काम मशीन करतं, त्यामुळे गिअर बदलताना मधेच गाडी श्वास घेतल्यासारखी थांबते. तेही चाललं असतं. पण आम्ही पणजीला जातो ते मयेवरून चोडणला जाऊन फेरीने रायबंदर, आणि सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी फेरीबोट खाली गेलेली असते, रॅम्प ओला, शेवाळ, पुढे मोटरसायकली. जी एएमटी बघितली ती चढावर ब्रेक सोडल्यावर वीतभर मागे आली. बाबांनी तिथेच नाही म्हटलं. ॲक्सिलरेटरवर धरून ठेवली तर क्लच तापतो हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. (त्या गाडीला हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय, नव्हतं, असलेल्या एएमटीत फरक पडतो का ते कुणी चालवली असेल तर सांगा.)

सीव्हीटी: मावसभावाची अमेझ. शहरात लोण्यासारखी, खरंच. पण त्यात गिअरच नाहीत ना, दोन पुली आणि मधे पोलादी पट्टा. चोर्ला घाटात बाबा बाजूला बसले होते, इंजिन ओरडतंय आणि गिअर पडतच नाही, ते सारखे माझ्या हाताकडे बघत होते. ते गाडी कानाने चालवतात, त्यांना तो आवाज कळेना.

टॉर्क कन्व्हर्टर (नेहमीचं जुन्या पद्धतीचं ऑटोमॅटिक): 2020 नंतरची पेट्रोल ब्रेझा, 4 स्पीडवाली. जुनाट आहे, पाचवा गिअर हवासा वाटतो, पण चढावर मागे येत नाही, ब्रेक सोडला की आपोआप हळू सरकते, फेरीच्या रॅम्पवर मला हीच सगळ्यात निर्धास्त वाटली. फेरीवर उभी करताना पी (पार्किंग) मध्ये टाकता येते हेही आहे, एएमटीत बहुतेक वेळा पी नसतो, गिअरात ठेवून हँडब्रेक ओढायचा.

आणि आता चौथी, जिच्यामुळे हा धागा काढला. आयएमटी. 2021 ची व्हेन्यू टर्बो, म्हापशाला एकाकडे विकायला आहे. क्लचचं पेडल नाही पण गिअर पूर्ण हाताने, सहा गिअर, दांडा तोच. बाबांनी नुसत्या उभ्या गाडीत बसून पहिल्यापासून सहाव्यापर्यंत गिअर टाकले आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा झालेला मी बघितला. पण हा प्रकार फार लोकांनी घेतला नाही असं दिसतंय, म्हणून भीती. ज्यांनी तीन-चार वर्षं वापरलीय त्यांनी सांगा, चढावर ट्रॅफिकमध्ये कशी वागते, क्लच किती किलोमीटरला बदलला, आणि ॲक्चुएटरचं (क्लच आपोआप दाबणाऱ्या भागाचं) काम निघालं तर गोव्यात कुणी करतं का.

दुसरा प्रश्न नॉबचा. टिपरवरून उतरले त्या दिवशी बाबा गिअरचा नॉब काढून घरी घेऊन आले. ॲक्रिलिकचा, आत लाल गुलाब, वर हात ठेवून ठेवून पार गुळगुळीत झालाय. तो नव्या गाडीला बसवायचाय. टॉर्क कन्व्हर्टरच्या दांड्याला बाजूला बटण असतं, तिथे जमणार नाही हे कळतं. पण आयएमटीत दोन अडचणी: एक, टिपरच्या नॉबचे आटे मोठे, कारच्या दांड्यावर गडगडतो. मेकॅनिक म्हणतो आत पितळेचा बुश (मधे बसणारी नळी) करून घे. रिव्हर्सला रिंग ओढावी लागते, ती नॉबखाली मोकळी राहिली पाहिजे. आणि दोन, आयएमटीच्या दांड्यात सेन्सर असतो जो हाताची हालचाल ओळखून क्लच सोडवतो. मूळ नॉबपेक्षा हा चांगलाच जड आहे. जड नॉबने गिअर सहज पडतो हे मान्य, पण खड्ड्यात त्या वजनाने दांडा हलून सेन्सर फसेल का? कुणी आयएमटीचा नॉब बदललाय का? ही माझी खरी काळजी आहे, कारण नॉबसाठी बाबांचा जीव धोक्यात घालणार नाही.

एडिट: बऱ्याच जणांनी लिहिलंय की ब्रेझाच घ्या, आठवड्यात सवय होते. होत असेल, पण टेस्ट ड्राइव्हला साखळीच्या बाजारात बाबांचा डावा पाय क्लच समजून ब्रेकवर पडला आणि गाडी जागेवर उभी, मागचा स्कूटरवाला थोडक्यात वाचला. पन्नास वर्षांची सवय आहे. ज्यांच्या घरी असे जुने ड्रायव्हर ऑटोमॅटिकवर आले त्यांनी काय केलं ते लिहा. आयएमटीतही पेडलं दोनच, म्हणजे हा धोका तिथेही आहे हे मला आज एकाने लिहिल्यावर लक्षात आलं, त्यांचे आभार.

आणि सावंतवाडीहून लाकडी नॉब करून घ्या म्हणणाऱ्यांना, कल्पना छान आहे, मेच्या उन्हात लाकूड हाताला फारसं भाजत नाही हेही खरं, पण तो माझ्या आय ट्वेंटीला करीन. बाबांना गुलाबवालाच हवाय. डिचोली ते म्हापसा पट्ट्यात असला बुश नीट करून देणारा लेथवाला माहीत असेल तर सांगा, व्हेन्यूवाल्याने रविवारपर्यंत थांबतो म्हटलंय.