मदत हवी आहे: मेकॅनिकलची दोन वर्षं पास झाले पण बेसिक कच्चं राहिलंय, आता कुठून सुरू करू?

नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. केटी एकही नाही, मार्क बरे आहेत, घरचे खूश आहेत, आणि मला मात्र गेले 2 महिने नीट झोप लागत नाहीये कारण मला माझ्याच ब्रँचमधलं काही येत नाही असं वाटतंय. वाटतंय म्हणजे काय, खरंच येत नाही. मैत्रिणींना सांगितलं तर म्हणतात अगं तुला तर आमच्यापेक्षा जास्त मार्क आहेत, म्हणून इथे लिहितेय. लांबलंय, पण प्लीज शेवटपर्यंत वाचा.

मागच्या सेमला स्ट्रेंथ ऑफ मटेरियलची व्हायवा होती. एक्स्टर्नल सरांनी विचारलं, टेन्साइल टेस्टमध्ये (रॉड तुटेपर्यंत ओढायची चाचणी) यील्ड आल्यावर, म्हणजे रॉड कायमचा लांबायला लागल्यावर, लोड मध्येच खाली का येतो? मी अप्पर यील्ड पॉइंट, लोअर यील्ड पॉइंट, डेफिनिशन, सगळं घडाघडा सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, ते ग्राफमध्ये दिसतंयच, का येतो ते सांग. मी गप्प. मग त्यांनी विचारलं, बरं तुझा रॉड किती लोडला तुटला? तेही सांगता आलं नाही, कारण जर्नलमधली रीडिंग माझी नव्हतीच, सीनियरच्या फाइलमधून उतरवलेली होती. सर ओरडले असते तर चाललं असतं. ते नुसतं हं म्हणाले आणि सही करून फाइल परत दिली, ते अजून डोक्यातून जात नाही.

आणि वाईट याचं वाटतं की ती टेस्ट मी खरंच बघितली होती. मशीन एकच, बॅच 20 जणांची, मी कशीबशी पुढे घुसून उभी होते. डायलवर लोड दाखवणारा काळा काटा लाल काट्याला ढकलत वर चाललेला, एका जागी जरा अडखळला, मागे आला, मग परत चढायला लागला. शेवटी रॉड मधे बारीक होत गेला, काळा काटा मागे यायला लागला, लाल तिथंच थांबला आणि ठाक्कन आवाज होऊन रॉड तुटला. सरांनी तुकडा हातात दिला तर तुटलेल्या जागी तो चांगला गरम लागला. एका तुकड्याला वाटीसारखा खोलगटपणा आणि दुसऱ्याला त्यात बसेल असा उंचवटा. मला तेव्हा 10 प्रश्न विचारायचे होते, पण तेवढ्यात पुढची बॅच दारात आली आणि आम्हाला सांगितलं रीडिंग ग्रुपवर टाकतो. ग्रुपवर सीनियरच्याच फाइलचा फोटो आला.

दोन वर्षं सगळं असंच गेलं. असाइनमेंट एकजण सोडवणार, त्याचा फोटो फिरणार, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री सगळ्या वर्गाच्या फाइलमध्ये तीच चूक त्याच पायरीला. मॅथ्सला मागच्या 5 वर्षांचे पेपर केले, लाप्लासचे फॉर्म्युले पाठ केले, मार्क पडले, पण लाप्लास करून नक्की मिळतं काय हे आजही सांगता येणार नाही. सगळे शिक्षक वाईट होते असं अजिबात नाही हां. थर्मोचे सर फॉर्म्युला लिहायच्या आधी फळ्यावर सिस्टिमभोवती तुटक रेघ काढायचे आणि विचारायचे, आत काय येतंय, बाहेर काय जातंय? त्या एका विषयाचं मला अजून सगळं आठवतं. म्हणून वाटतं की डोकं चालतं माझं, शिकायची पद्धतच चुकली.

आता प्रश्न असा की मागचं भरून काढायचं तर सुरुवात कुठून करू? पुढच्या वर्षी प्रोजेक्ट आहे, डिझाइनचे विषय आहेत आणि ते सगळे याच पायावर उभे आहेत. वर्गातले निम्मे कोडिंगकडे वळलेत, मलाही तेच कर म्हणतात. कोडिंग वाईट नाही, पण मला मशीन आवडतात म्हणून मी ही ब्रँच घेतली होती. कुणी यातून गेलंय का?

खडूफळा:
मी हाच विषय शिकवतो, त्यामुळे आधी तुझ्या राहिलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. माइल्ड स्टीलमध्ये कार्बन, नायट्रोजनचे बारीक अणू डिसलोकेशनभोवती (अणूंच्या रांगांमधला सरकू शकणारा दोष) जमून त्याला जखडून ठेवतात. तिथून सुटायला जास्त लोड लागतो, एकदा सुटलं की सरकायला कमी पुरतो, म्हणून काटा मागे येतो. अ‍ॅल्युमिनियमचा रॉड लावलास तर सहसा असा खड्डा दिसत नाही, यील्ड नक्की कुठे ते ठरवता येत नाही, म्हणून तिथे 0.2 टक्के प्रूफ स्ट्रेस काढतात, म्हणजे रॉड 0.2 टक्के कायमचा लांबेल तेव्हाचा स्ट्रेस (लोड भागिले एरिया). शेवटी काटा मागे येतो त्याचं कारण मात्र वेगळं. तिथे नेक (मधला बारीक भाग) तयार होऊन एरिया इतका कमी होतो की ओढायला लोडच कमी पुरतो, आणि ग्राफमधला स्ट्रेसही खाली येताना दिसतो कारण आपण भागतो मूळ एरियाने. नेकमधला खरा स्ट्रेस तुटेपर्यंत वाढतच असतो. आणि रॉड गरम लागला कारण तो ओढायला जे काम खर्च झालं त्यातलं बहुतेक उष्णतेत गेलं. हे तुझ्या हाताला कळलं होतं, पुस्तकात शोधायचं राहिलं इतकंच.
एका मशीनवर 20 मुलं उभी करणं ही तुझी चूक नाही. पण रीडिंग इथून पुढे स्वतःचीच लिही, चुकली तरी.

शॉपफ्लोअर:
14 वर्षं डिझाइनमध्ये आहे. दोन वर्षांचं सगळं परत वाचायला बसू नकोस, दमशील आणि सोडून देशील. फक्त फ्री बॉडी डायग्रामपासून (वस्तू सुटी काढून तिच्यावरचे सगळे फोर्स दाखवणारं चित्र) धर, आणि रोज एकच गणित, पण पुस्तक मिटून. आकडे घालायच्या आधी बीम कसा वाकेल ते हाताने काढायचं, उत्तर आलं की चित्राशी जुळतंय का बघायचं. शिअर (बीमला आडवं कापू बघणारा फोर्स) जिथे शून्य ओलांडतो तिथे बेंडिंग मोमेंट (वाकवू बघणारा मोमेंट) सगळ्यात जास्त, हे पाठ न करता 10 बीमवर स्वतः पडताळ, मग विसरणार नाहीस.
एक प्रयोग सांगतो. स्टीलची पट्टी टेबलाच्या कडेला क्लॅम्प कर, 10 सेंटिमीटर बाहेर ठेवून टोकाला वजन लाव, किती वाकली ते मोज. मग तेच वजन ठेवून 20 सेंटिमीटर बाहेर काढ. लांबी दुप्पट, पण वाकणं 8 पट. मग पट्टी उभ्या कडेवर धरून वाकवायला बघ. 25 मिलिमीटर रुंद आणि 1 मिलिमीटर जाड असेल तर ती 625 पट ताठ होते, मटेरियल तेच असून. मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे नुसत्या आकारामुळे वाकायला होणारा विरोध, काय असतो ते मला तिथे कळलं.
कोडिंग शीक की, आमच्याकडेही लागतं. पण बेसिक येत नाही या भीतीने ब्रँच सोडू नकोस. नवीन मुलं सॉफ्टवेअरमधून रंगीत स्ट्रेस प्लॉट काढून आणतात, आणि मीटर-मिलिमीटरची गल्लत झालेली असली तरी त्यांना जाणवत नाही. कागदावर दोन ओळींत अंदाज काढता येणारं माणूस आम्हाला हवं असतं.

धागाकर्ती:
सर, तुमचं उत्तर मी वहीत लिहून घेतलं, आणि दादा, प्रयोग काल केला. पट्टी 25 रुंद, 1 जाड, वजन 200 ग्रॅम. आधी कागदावर काढलं, 20 सेंटिमीटरला साडेबारा मिलिमीटर आणि 10 ला दीडपेक्षा किंचित जास्त. प्रत्यक्षात 20 ला 14 आलं. 10 ला 2 च्या आसपास, पण साध्या मोजपट्टीने नीट वाचता येत नव्हतं. पहिल्यांदा वाटलं माझंच चुकलं, परत तीनदा केलं, तरी तेवढंच. मग बघितलं तर वजन लावलं की क्लॅम्पखालची पट्टी मागच्या बाजूने किंचित उचलली जात होती, म्हणजे फॉर्म्युल्यातला फिक्स्ड एंड माझ्या टेबलावर पूर्ण फिक्स्ड नव्हताच. आज दोन क्लॅम्प आणि वरून लाकडाचा ठोकळा लावून परत मोजणार आहे. आणि लॅब असिस्टंट काकांना विचारलंय, शनिवारी मशीन रिकामं असतं तेव्हा एक रॉड लावू देतील का. ते म्हणाले ये, पण रीडिंग तूच घ्यायची.