इंदूर ते बडोदा एकटीने सायकलवर, तंबू न्यावा की नाही?

रामबागवाली
नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या शेवटी शाळेला सुट्टी लागते (मी शिकवते, शिकत नाही) तेव्हा इंदूरहून बडोद्याला सायकलने जायचं ठरवून टाकलंय. एकटी. दांडिया बाजारात मावशी आहे, तिच्याकडे पोचायचं आणि येताना सायकल ट्रेनमध्ये टाकून यायचं. रविवारी उज्जैन नाहीतर जानापाव असं चालूच असतं त्यामुळे दिवसाला ७०-८० किमीची चिंता नाही, चिंता रात्रीची आहे. रस्ते दोन. एक सरळ हायवे, धार-झाबुआ-दाहोद-गोध्रा-हालोल, आणि दुसरा धारवरून बाग-कुक्षी-अलिराजपूर-छोटा उदेपूर-बोडेली-डभोई. दुसऱ्याने गेलं तर बागच्या लेण्या होतात आणि बाग प्रिंटवाल्यांकडे (ठशांनी कापड छापणारे) पण डोकावता येईल म्हणून मन तिकडेच ओढतंय, पण तिथे मुक्कामाला काय मिळेल देव जाणे. तंबू आहे दोन माणसांचा, सव्वादोन किलोचा, खुंट्या ठोकल्याशिवाय उभा राहत नाही असला. तो गावाबाहेर एखाद्या शेतात लावला तर चालतं का? सायकल हायब्रिड, ७०० बाय ३५ चे टायर, प्रेस्टा वॉल (हवा भरायचा बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह), मागे कॅरिअर. आईचं म्हणणं, तू तंबूत झोपणार म्हणजे मी इथे जागणार.

महूचे काका
बेटा जरूर जा. हायवेवर पंप आणि ढाबे भरपूर आहेत, पण कडेच्या पट्टीतून मोटारसायकलवाले बिनधास्त उलटे येतात आणि त्यांना चुकवायला तू आत घुसलीस की मागे ट्रक, त्यामुळे माझं मत अलिराजपूरवालाच रस्ता. फक्त एक गैरसमज काढून टाक. इंदूर साडेपाचशे मीटरवर आणि बडोदा चाळीसच्या आसपास म्हणून लोक म्हणतात सगळा उतारच आहे. असं काही नाहीये भिया, पठार संपून निमाडात उतरलीस की पुढे अलिराजपूरपर्यंत सारखं वर-खाली वर-खाली, उताराची हवा अंगाला लागते न लागते तोच पुढचा चढ. लादलेल्या सायकलला मागे ३२-३४ दात्यांची चकती हवी, तुझा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर टाकणारा भाग) घेतो का ते दुकानात विचार.

दुसरं कोणी सांगत नाही ते सांगतो. तू जाणार पश्चिमेला. दुपार कलली की सूर्य तुझ्या डोळ्यांत, ते एक वेळ चालेल, पण मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही डोळ्यांत तोच सूर्य असतो आणि त्याला तू दिसतच नाहीस. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणून चारला सायकल थांबली पाहिजे म्हणजे पाहिजे, मग १० किमी राहिले असले तरी राहू देत. मागचा लाल दिवा दिवसासुद्धा लुकलुकता ठेव. वारा मात्र हिवाळ्यात उत्तर-पूर्वेचा, म्हणजे तुझ्या बाजूचा. हाच रस्ता मे महिन्यात केला तर दुपारभर छातीवर येतो.

प्रेस्टाचं असं की त्या बाजूला सायकलच्या दुकानात २८ इंची साध्या सायकलच्या ट्यूबा मिळतील, तुझ्या मापाची नाही. मोटारसायकलच्या पंक्चरवाल्याकडे हवा असते पण त्याचं नळकांडं प्रेस्टावर बसत नाही, त्याला छोटा पितळी अडॅप्टर येतो, तो एक वॉलवरच लावून ठेव आणि एक खिशात. दोन ट्यूब, ठिगळं, हातपंप तुझा तुझा. बाभळीचा काटा गेला की ट्यूब बदलून लगेच हवा मारत सुटू नकोस, टायरच्या आतून बोट फिरवून टोक राहिलंय का बघ, नाहीतर पाच मिनिटांत परत पंक्चर. आणि निघायच्या आधी मागच्या चाकाचा आउट (डुगडुग) काढून तारा ताणून घे. वजन सगळं त्या चाकावर, तार तुटलीच तर बहुतेक चेनच्या बाजूची तुटते आणि ती बदलायला चकत्यांचा गुच्छ काढावा लागतो.

ओरसंगकाठची
मी बडोद्याची, हा रस्ता उलट्या दिशेने केलाय, एकटीनेच. शेतात तंबू लावण्याबद्दल आधी हे ऐक. अलिराजपूर-छोटा उदेपूरकडे गाव म्हणजे आपल्यासारखी खेटून घरं नसतात, भिल-राठवा लोकांची घरं आपापल्या शेतात, एक टेकडीवर एक खाली ओढ्याला, अशा वस्तीला फळिया म्हणतात. त्यामुळे गावाबाहेरची मोकळी जागा असं काही नसतंच, जिथे लावशील ते कुणाचं तरी अंगण नाहीतर कुणाचा तरी हरभरा. लपून लावलास तर अंधारात कुत्री भुंकणार, बॅटऱ्या घेऊन माणसं येणार, आणि मग स्पष्टीकरणं तू देणार. त्यापेक्षा उजेडात विचारायचं. नाक्यावरच्या पोरांना नाही, हँडपंपावर बायका असतात त्यांना. आधी पाणी मागायचं, दोन मिनिटं बसायचं, कुठून आलीस कुठे चाललीस नवरा कुठाय सगळं होऊ द्यायचं, जागेचं मग त्याच काढतात.

एका घरी म्हातारीने तंबू चारी बाजूंनी चाचपला, आत डोकं घालून बघितलं आणि शेळीची दोन करडं आत सोडून दिली, थंडी आहे म्हणून!! झोपेचं खोबरं झालं पण त्याच घरी पानिया खाल्ला, मक्याचं पीठ रुईच्या पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजतात, पान सोललं की पानाच्या शिरा जशाच्या तशा वर उमटलेल्या, आणि सोबत उडदाची डाळ. पैसे घेत नाहीत, मी पोरांसाठी वह्या-पेन्सिली ठेवते.

आता तंबू. तुझा तंबू घरी ठेव आणि स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा कुणाचा तरी उसना घे. कारण झोपायला मिळणार शाळेचा व्हरांडा, धर्मशाळा, देवळाची ओसरी, फार तर पंपाच्या मागचं शेड, आणि सगळीकडे फरशी नाहीतर कोबा, खुंटी ठोकणार कुठे? एकट्या बाईला तंबू लागतो तो कपडे बदलायचा आडोसा आणि मच्छरदाणी म्हणून. सुरक्षितता तंबूत नसते गं, पलीकडे खाटेवर खोकणारे आजोबा असतात त्यात असते. छपराखाली असशील तर बाहेरचं कव्हर घालू नकोस, श्वासाचं पाणी आत साचून सकाळी स्लीपिंग बॅग ओली होते. थंडी मात्र हलक्यात घेऊ नकोस, त्या दिवसांत रात्री पारा १० च्या खाली जातो.

एमटीबी_पंटर
माफ करा पण मग यात कॅम्पिंग कुठे राहिलं? आजोबांच्या शेजारीच झोपायचं तर एसटी काय वाईट. अलिराजपूरजवळच्या काठीवाड्याकडे जंगल काय भारी आहे, मस्त एखादा ओढा बघायचा, स्टोव्ह पेटवायचा, चहा, तारे. बाकी आईला सांगा की पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा केली, २९ हजार किमी, आणि बराचसा रस्ता एकटीनेच. आपलं बडोदा तर घरातल्या घरात.

महूचे काका
वेदांगीचं कौतुक आम्हालाही आहे हो. पण त्या जंगलाला लागूनच रतनमहाल आहे, अस्वलांचं अभयारण्य. अस्वलं काय हद्दीची पाटी वाचून फिरत नाहीत, बिबटेही आहेत, आणि वनखात्याच्या जागेत परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही ते वेगळंच. तारे ओसरीतून पण दिसतात. तुम्ही जा, चहा पिऊन या, मग सांगा.

एमटीबी_पंटर
काका 🙏 स्टोव्हचं तरी राहू द्या.

ओरसंगकाठची
स्टोव्ह पण नको गं. गॅसचा डबा, भांडं, वाऱ्याचा आडोसा, सगळं मिळून किलोभर होतं आणि त्या रस्त्यावर चहाची टपरी मिळतेच. त्या जागी पाणी जास्त घे.

रामबागवाली
थँक्यू सगळ्यांना, करडांचं वाचून आई पहिल्यांदा हसली. तर नक्की झालं, अलिराजपूरवाला रस्ता, चारला थांबायचं, तंबू मैत्रिणीचा घेतेय. दोनच शंका. मध्येच तब्येत बिघडली किंवा सायकल बसली तर काय? आणि सगळं सामान मागच्या कॅरिअरवर बसेल का, की पाठीवर सॅक घेऊ?

ओरसंगकाठची
अलिराजपूरला पोचलीस की सुटलीस, तिथून बडोद्याला प्रतापनगरपर्यंत पॅसेंजर आहे, छोटा उदेपूर-बोडेली-डभोई सगळी स्टेशनं तुझ्याच रस्त्यावर. अवघड तुकडा त्याच्या अलीकडचा, बाग ते अलिराजपूर, तिथे बस किंवा पिकअपला हात करायचा, सायकल टपावर टाकतात. पाठीवर सॅक अजिबात नको, दुसऱ्या दिवशी खांदे आणि बूड दोन्ही बोलायला लागतात. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पिशव्या, जड ते खाली, तंबू वर आडवा, पाणी फ्रेममध्ये.

महूचे काका
आणि कॅरिअरचे बोल्ट रोज संध्याकाळी चावीने बघत जा, खडबडीत रस्त्यावर हमखास ढिले होतात. त्याच मापाचे दोन-तीन जास्तीचे घे, गावात ते माप मिळत नाही. परतीला इंदूरची अवंतिका एक्सप्रेस बडोद्याला थांबते, पण सायकल पार्सल ऑफिसला आदल्या दिवशीच नेऊन दे, पेडल काढून, हँडल आडवं करून, गोणपाट गुंडाळून, आणि नाव-पत्ता दोन ठिकाणी लिही, एक गोणपाटावर आणि एक आत फ्रेमला चिकटवून.